वाचकांचे प्रश्न: जुनी एक्सपल्स घ्यावी की जुनी हिमालयन?

प्रश्न: मी गोव्यात साखळीला राहतो आणि पिसुर्ल्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. रविवारी एका मित्राबरोबर सत्तरी तालुक्यातल्या कच्च्या वाटांवर गाडी घालायची आवड लागली आहे, पावसाळ्यात तर जास्तच. आजवर भावाच्या शंभर सीसीच्या गाडीवर भागवले, आता स्वतःची जुनी गाडी घेऊन ती या कामासाठी तयार करायची आहे. दोन गाड्या समोर आहेत. पहिली हीरो एक्सपल्स २००, २०१९ ची, कार्ब्युरेटरवाली, रनिंग ३१,००० किमी, मालक डिचोलीचा, मागणी ८०,००० रुपये. दुसरी रॉयल एनफील्ड हिमालयन ४११, २०१८ च्या अखेरची, दोन्ही चाकांना एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), रनिंग २४,००० किमी. ती कळंगुटची आहे. आधी काळ्या पाटीवर भाड्याने फिरायची, आता पांढरी पाटी झाली आहे. मागणी १,२०,००० रुपये. गाडी आणि बदल मिळून माझी मर्यादा १,५०,००० ची आहे. उंची ५ फूट ६ इंच, वजन ६४ किलो. मित्र म्हणतात, हिमालयनमध्ये दम आहे. कोणती घेऊ आणि काय काय बदलून घेऊ?

उत्तर: एक्सपल्स घ्या. पण खाली सांगितलेल्या तपासणीला ती उतरली तरच. नाही उतरली तर हिमालयनकडे न वळता दुसरी एक्सपल्स शोधा.

तुमच्या कामासाठी निकाल वजनावर लागतो. कार्ब्युरेटरवाली एक्सपल्स १५३ किलोची, बीएस-४ (२०२० आधीच्या प्रदूषण नियमांची) हिमालयन १९० च्या वर. चाळीसेक किलोंचा हा फरक डांबरी रस्त्यावर जाणवत नाही. जुलैत तांबड्या निसरड्या चिखलात गाडी आडवी होते, पुढचे चाक चरात अडकते, पायाखाली शेवाळलेला जांभा दगड असतो, आणि तिथे ती उचलावी लागते तेव्हा तो अंगावर येतो. हिमालयन तुमच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट आहे. पावसाळ्यातल्या एका फेरीत नवशिक्याची गाडी पाच-सहा वेळा तरी पडते. तिसऱ्या उचलीनंतर हात थकतात, थकल्या हातांनी क्लच नीट सुटत नाही, आणि खरी इजा करणारे पडणे त्यानंतरचे असते. दोघेच जाणार असाल तर एकाने एकट्याने गाडी उचलता आलीच पाहिजे, कारण दुसरा त्या वेळी व्हाळाच्या (ओढ्याच्या) पलीकडे असू शकतो.

मित्रांचे म्हणणे खोटे नाही. हिमालयनचे इंजिन ४११ सीसीचे, लांब स्ट्रोकचे, आणि त्याची ३२ एनएमची ओढ (टॉर्क) मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या आसपासच हाती येते. एक्सपल्सची १७.१ एनएम आहे आणि तीही ६,५०० ला. म्हणजे चढावर हिमालयन संथ गतीत गुरगुरत वर जाते, तर एक्सपल्सला फेऱ्या चढत्या ठेवाव्या लागतात आणि पहिला गिअर थोडा उंच वाटतो. पण ही उणीव चेनची पुढची दातेरी चक्री बदलून बरीच भरून निघते, चाळीस किलो कशानेच कमी होत नाहीत. मागचा कॅरिअर आणि मधला स्टँड काढून फार तर काही किलो निघतील. सामान आणि मागे माणूस घेऊन चोर्ला घाटातून बेळगाव-धारवाड करायचे असते तर आम्ही हिमालयनच घ्यायला सांगितली असती.

आणखी दोन गोष्टी हिमालयनच्या विरोधात जातात. त्या वर्षीच्या गाडीचे एबीएस बंद करता येत नाही. बटण २०२० च्या बीएस-६ गाडीपासून आले. जांभ्याच्या सुट्या खडीवर उतरताना मागचे चाक थोडे लॉक करून गाडी आवरावी लागते, आणि एबीएस नेमके तेव्हाच ब्रेक सोडत राहते. फ्यूज काढून फिरणारे आहेत, पण तीच गाडी संध्याकाळी रस्त्यावरून घरी न्यायची असते, तेव्हा तो उपाय नको. एक्सपल्सचे एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, मागचे पूर्ण तुमच्या पायात. दुसरी गोष्ट टायरची. दोन्ही गाड्यांचे पुढचे चाक २१ इंची आहे, मागचे मात्र एक्सपल्सचे १८ आणि हिमालयनचे १७. चिखलाचे, मोठ्या रबरी गोट्यांचे टायर १८ इंचात सहज आणि अनेक प्रकारचे मिळतात.

कार्ब्युरेटर आहे म्हणून कचरू नका. गोव्यात एवढी उंची कुठे नाही की हवा विरळ झाल्याने इंजिन अडखळेल. जेट तुंबला तर वाटेत एका स्क्रूड्रायव्हरने उघडून फुंकता येतो.

किनाऱ्यावरच्या गाडीचे रनिंग कमी दिसले तरी ती कमी झिजलेली असते असे नाही. खारी हवा स्पोकच्या निपलमध्ये, रिमच्या आतल्या पट्टीखाली, वायरिंगच्या सॉकेटमध्ये शिरते. हेडलाइटमागचा एखादा सॉकेट उघडून पाहा. तांब्यावर हिरवी बुरशी दिसली तर पुढची दोन वर्षे बारीकसारीक इलेक्ट्रिकल त्रास ठरलेला. हिमालयनच्या मागच्या शॉकअपला लिंकेज (जोडणाऱ्या हलत्या दांड्या) आहे. त्यातल्या सुईसारख्या बेअरिंगना ग्रीस मिळाले नाही की गंजून त्या जाम होतात. भाड्याच्या गाडीच्या लिंकेजला कोणी ग्रीस भरत बसत नाही.

आता डिचोलीच्या गाडीची तपासणी. मालकाला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा सिलिंडरला हात लावा. कोमट लागला तर तुम्ही यायच्या आधी गाडी तापवून ठेवली आहे, आणि थंड इंजिनचा आवाज तुमच्यापासून लपवला आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

गाडी खाणपट्ट्यातली आहे, म्हणून सर्वांत महत्त्वाची तपासणी पांढऱ्या फडक्याची. बाजूचे पॅनल आणि एअर फिल्टरचे झाकण काढा. फिल्टरच्या बाहेरच्या अंगाला तांबडी धूळ असणारच, तिचे काही नाही. फिल्टर बाहेर काढा आणि त्याच्या पलीकडे, कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत, बोटाला पांढरे स्वच्छ फडके गुंडाळून आतून एक फेरा द्या. फडके किंचित तेलकट, राखाडी आले तर ठीक. तांबडे आले तर फिल्टरला चकवून धूळ आत गेली आहे. लोहखनिजाची ही धूळ पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत पॉलिश पेपरसारखी घासते. अशी गाडी आज सुरळीत चालते, पण सहा महिन्यांत तेल पिऊ लागते. फडके तांबडे आले तर बोलणी तिथेच थांबवा, किंवा सिलिंडर-पिस्टनचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करून मागा. फिल्टरच्या खोक्याच्या तळाशी वाळलेल्या चिखलाची रेघ दिसली तर गाडी कधीतरी पाण्यात बसली होती.

मग गाडी सुरू करा. पहिल्या काही सेकंदांची टायमिंग चेनची खळखळ तेल वर पोचल्यावर थांबते. थांबली नाही तर चेन किंवा तिचा टेन्शनर गेला आहे. गरम झाल्यावर फेऱ्या चढवून थ्रॉटल एकदम सोडा. निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा. क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये ताशी ३० वर पूर्ण थ्रॉटल द्या. फेऱ्या वाढल्या आणि वेग वाढला नाही तर प्लेटा संपल्या. तेल तपासताना ते दुधाळ दिसले तर आत पाणी आहे.

इंजिनच्या खाली स्टूल ठेवून पुढचे चाक उचला. हँडल अगदी हळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्या. मध्यावर खाचेत बसल्यासारखे वाटले तर कोनसेट (हँडलच्या दांड्याची बेअरिंग) गेला. चाक वरून-खालून धरून हलवा. कटकट जाणवली तर बेअरिंग. फोर्कच्या चकचकीत नळीवरून नख फिरवा. नख जिथे अडते तिथे गंजाचा खड्डा आहे, आणि तो कितीही नवे सील घातले तरी महिन्याभरात फाडणार. हँडल पूर्ण वळल्यावर जिथे टेकते तो फ्रेमवरचा खुंटा वाकलेला, घासलेला किंवा पुन्हा वेल्ड केलेला असेल तर गाडीने समोरून मोठा मार खाल्ला आहे. ती सोडा, किंमत कितीही उतरली तरी. प्रत्येक स्पोकवर पान्याने टिचकी मारा. बद्द आवाज म्हणजे सैल. चेन मागच्या चक्रीच्या पार मागून बोटाने ओढा, अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही चक्र्या एकत्रच बदलाव्या लागतील. ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियर न्या आणि मोजा. ३१,००० किमीच्या गाडीला चेन, कोनसेट, पॅड यांचा खर्च निघणे स्वाभाविक आहे. तो दोष नव्हे, भाव पाडायचे कारण आहे. ७२,००० ते ७५,००० पर्यंत खाली या.

कागदपत्रांत मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, चालू विमा, पीयूसी आणि कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५. चासी नंबर स्वतः वाचा. एमपरिवाहन ॲपवर गाडीचा वर्ग आणि हायपोथिकेशन (कर्जाचा बोजा) पाहून मगच पैसे द्या.

आता उरलेले ७५,००० रुपये. इथे बहुतेक जण चूक करतात ती क्रमाची: आधी लाइट, गार्ड आणि सायलेन्सर, आणि कोनसेट तसाच खडखडत असतो. पहिले २०,००० ते २५,००० गाडी मूळ अवस्थेत आणण्यासाठी काढून ठेवा. कोनसेट, दोन्ही चाकांच्या बेअरिंगा, स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश, फोर्कचे तेल, ऑइल सील आणि डस्ट सील, ब्रेकचे तेल आणि पॅड, क्लच आणि थ्रॉटलच्या केबली, स्पार्क प्लग, एअर फिल्टर, कार्ब्युरेटरची सफाई. मिस्त्रीकडे उभे राहून स्विंगआर्मचा बोल्ट, दोन्ही ॲक्सल आणि कोनसेट पाणी न धरणाऱ्या ग्रीसमध्ये बसवून घ्या. वायरिंगचा प्रत्येक सॉकेट उघडून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. अर्ध्या दिवसाचे काम आहे, पण गोव्याच्या पावसाळ्यात यापेक्षा जास्त उपयोगाचा बदल दुसरा नाही.

चेन-चक्र्या बदलतानाच पुढची चक्री १३ ऐवजी १२ दातांची घाला. ओढ सुमारे ८ टक्क्यांनी वाढते, पहिल्या गिअरमध्ये चालत्या माणसाच्या वेगाने क्लच न जाळता चढता येते. टॉप गिअरमध्ये इंजिन तेवढेच जास्त फिरेल, पिसुर्ल्याच्या रोजच्या जाण्यायेण्याला त्याने काही बिघडत नाही. चेन ताणताना एक काळजी: पुढची चक्री, स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचा ॲक्सल हे तीन बिंदू एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताठ असते. मित्राला मागे बसवून त्या स्थितीत सेंटिमीटरभर तरी ढिलाई उरते ना पाहा. नाही उरली तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात गिअरबॉक्सची बेअरिंग मार खाते.

टायरवर हात आखडू नका. पुढे ९०/९०-२१, मागे १२०/८०-१८ हे मूळ माप ठेवा. रोज डांबरावर जाता म्हणून अर्धे रस्त्याचे, अर्धे मातीचे टायर मागे पुरतील. पुढचा मात्र मोठ्या गोट्यांचाच घ्या. मागचे चाक घसरले तर गाडी सावरता येते, पुढचे घसरले की माणूस खाली. ट्यूब जाड घ्या. वाटेवर उतरताना दोन्हीकडे १८ पीएसआय ठेवा, १५ च्या खाली नको. जांभ्याच्या धारेवर चाक आपटले की दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. परत डांबरावर आलात की गाडीवरच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी हवा पुन्हा भरा. मऊ टायरवर पन्नाशी ओलांडली की वळणावर गाडी पोहते. पाठीवरच्या पिशवीत २१ इंचाची एकच जादा ट्यूब ठेवा, अडचणीत ती मागच्या १८ इंची चाकातही घालून घरी येता येते. तीन लिव्हर, पंप, प्लगचा पाना आणि दोन्ही ॲक्सलच्या मापाचे पाने, एवढे पुरे.

मग शॉकअप. एक्सपल्सच्या चाकांचा पुढे १९० आणि मागे १७० मिमी वर-खाली प्रवास आहे, तो तुमच्या वेगाला पुरेसा आहे. पण तो तुमच्या वजनाला लावून घेतला पाहिजे. मागचे चाक उचलून ॲक्सलपासून सरळ वर फेंडरवरच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग बूट-हेल्मेटसह फूटरेस्टवर उभे राहा आणि मित्राला तेच अंतर मोजायला सांगा. दोन्हींतला फरक ५० ते ५५ मिमी आला पाहिजे. जास्त आला तर प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) वाढवा. पुढे प्रीलोडची सोय नाही, तिथे स्प्रिंगवर १० मिमी जाडीची पीव्हीसी नळीची चकती कापून घालतात. टोके अगदी काटकोनात कापलेली हवीत आणि वर-खाली वॉशर हवा. फोर्क ब्रेक मारल्यावर तळाला आपटत असेल तर तेलाची पातळी कंपनीच्या मापापेक्षा १० मिमी वर न्या. वरची हवा कमी होते आणि शेवटचा टप्पा कडक होतो. दोन्ही एकदम करू नका, कशाने काय झाले ते कळणार नाही.

चाकाला जास्त वर-खाली जाऊ देणारे रॅली सस्पेन्शन डोक्यात असेल तर ते तूर्त सोडा. २५० आणि २२० मिमी प्रवासाची एक्सपल्स ४व्ही प्रो गाडी पाहिली तर तिची बैठक ८९१ मिमीवर गेलेली आहे, तुमच्या गाडीची ८२३ आहे. तुमच्या उंचीला चिखलात पाय टेकणे जास्त महत्त्वाचे.

हँडलला आत ॲल्युमिनियमची पट्टी असलेले हँडगार्ड लावा, नुसते प्लास्टिकचे नकोत. क्लच आणि ब्रेकच्या क्लॅम्पखाली हँडलवर प्लंबरची टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळा आणि बोल्ट किंचित कमी आवळा. पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरते. टोक दुमडणारा गिअर लिव्हर आणि रुंद, दातेरी फूटरेस्ट गाडीला नसतील तर घ्या, कारण फूटरेस्टवरचे रबर ओल्या बुटाखाली साबणासारखे होते. इंजिनखालची मूळ पट्टी वाटेवर पुरते. नियमित दगडात जायला लागलात की पूर्ण बॅश प्लेट घ्या. उभे राहून चालवताना वाकावे लागत असेल तरच हँडल रायझर, तेही २५-३० मिमीपर्यंत, नाहीतर केबली ताणतात.

दोन गोष्टी करू नका. एअर फिल्टरच्या खोक्याला भोके पाडू नका. ताकद वाढल्याचा भास आवाजाने होतो आणि व्हाळाचे पाणी सरळ इंजिनात जाते. आणि सायलेन्सर बदलू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, कलम १८२अ खाली दर बदलाला ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे, आवाजासाठी कलम १९० खाली १०,००० पर्यंत. त्याहून मोठे कारण असे की गावातल्या वाटा आपल्याला गावकऱ्यांच्या मर्जीवर मिळतात, आणि ती मर्जी पहिल्यांदा आवाजाने जाते.

पावसाळ्यात दर फेरीनंतर ब्रेक पॅड पाहा. जांभ्याचा चिखल ऑरगॅनिक पॅड एका मोसमात नव्हे, काही फेऱ्यांत खातो. सिंटर्ड पॅड जास्त टिकतात. नवे पॅड घालताना पिस्टन आत ढकलण्याआधी टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याने स्वच्छ करा, नाहीतर चिकटलेला चिखल सील कापतो. वॉशिंग सेंटरमध्ये प्रेशरचा फवारा चाकांच्या मध्यावर, कोनसेटवर आणि चेनवर मारू देऊ नका. ग्रीस निघून पाणी आत बसते. बादली आणि ब्रश बरा.

प्रश्न: वरच्यासारख्या वाटा सत्तरी-सांगेत कुठे मिळतील? जंगलात गेलेले चालते का?

उत्तर: अभयारण्यात नाही. म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्ये १९९९ मध्ये जाहीर झाली, आणि सत्तरी-सांग्यातला रानाचा मोठा भाग त्यांत येतो. खोतीगाव, भगवान महावीर, मोले राष्ट्रीय उद्यान यांनाही तोच नियम. वन खात्याच्या परवानगीशिवाय आतल्या रानवाटांवर गाडी नेणे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत गाडी घालण्यालाही बंदी आहे. खाणींच्या जुन्या खड्ड्यांच्या कडा पावसात ढासळतात, आणि जागा कोणाची तरी असतेच.

उरतात त्या गावागावांना जोडणाऱ्या कच्च्या वाटा आणि ओळखीच्या माणसांच्या बागा. बागेच्या मालकाला आदल्या दिवशी विचारा. फेब्रुवारी ते मे काजूचा मोसम, त्या दिवसांत बागेत माणसे बोंडू वेचत असतात, तेव्हा आत जाऊ नका. कुळागरातले (सुपारीच्या बागेतले) पाट आणि बांध ओलांडू नका. एका चाकाने फोडलेला पाट मालकाचा दिवस खातो. सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) पावसाळ्यात दगडाच्या खळग्यांत बोटभर मातीत झाडे फुलतात, तिथे चाक फिरले की ती माती पुढच्याच सरीत वाहून जाते. सडा गाडीने ओलांडायचाच असेल तर असलेल्या चाकोरीतूनच.

प्रश्न: व्हाळ ओलांडताना गाडी मध्येच बंद पडली आणि आडवी झाली. उचलून दोनदा सेल्फ मारला, टक् असा आवाज येऊन थांबली. काठावर ओढून, पाणी काढून नंतर सुरू झाली, पण आता खालून ठोकल्यासारखा आवाज येतो आणि ओढ कमी वाटते. काय झाले असेल? (केपे)

उत्तर: कनेक्टिंग रॉड वाकला असण्याची दाट शक्यता आहे. सिलिंडरमध्ये पाणी होते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सेल्फने पिस्टन वर ढकलला आणि मधल्या रॉडने मार खाल्ला. गाडी आता चालवू नका. मिस्त्रीला हेड उघडून पिस्टन पार वर आणून सिलिंडरच्या कडेपासून मोजायला सांगा. नेहमीपेक्षा खाली थांबत असेल तर रॉड आखूड, म्हणजे वाकलेला आहे. कॉम्प्रेशन कमी होऊन ओढही त्यामुळेच जाते. अशीच चालवत राहिलात तर रॉड तुटून क्रँककेस फोडतो आणि मग इंजिनच बदलावे लागते.

पुढच्या वेळी गाडी पाण्यात बसली तर सेल्फला हात लावायचा नाही. चावी बंद. गाडी बाहेर काढा. एअर फिल्टरच्या खोक्याची खालची नळी उघडून पाणी सोडा, फिल्टर काढून पिळा. स्पार्क प्लग काढा. प्लग काढलेला असतानाच वरच्या गिअरमध्ये मागचे चाक हाताने फिरवा, प्लगच्या भोकातून पाणी उडून येईल; कोरडी हवा येईपर्यंत फिरवा, तोंड बाजूला ठेवून. मग दोन-तीन सेकंद सेल्फ, अजून प्लग न लावता. कार्ब्युरेटर असेल तर खालचा स्क्रू सोडून वाटीतले पेट्रोल-पाणी काढा. प्लग पुसून लावा आणि सुरू करा. तेल दुधाळ दिसले तर तशीच लांब नेऊ नका. घरी तेल बदला, दहा मिनिटे चालवून पुन्हा बदला, कारण पहिल्या वेळी सगळे पाणी निघत नाही.

गाडी आडवी व्हायच्या आधीच का बंद पडली, तेही बघितले पाहिजे. कार्ब्युरेटरच्या गाडीत वाटीला हवा देणाऱ्या बारीक नळ्या खाली लोंबत असतात. त्यांची तोंडे पाण्यात बुडाली की वाटीला हवा मिळत नाही आणि पेट्रोल थांबते, पाणी इंजिनात शिरलेले नसतानाही. कार्ब्युरेटरजवळ नळी कापून टी-जोड लावा, एक फाटा खाली राहू द्या, दुसरा सीटखाली टाकीच्या उंचीपर्यंत नेऊन बांधा. पाच-दहा रुपयांच्या जोडाने हा त्रास जातो. व्हाळात उतरण्याआधी चालत जाऊन काठीने तळ पाहा. पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल आणि वाहत असेल तर गाडी ढकलत नेण्याचाही विचार नको, उतरेपर्यंत थांबा. डोंगरात पडलेली सर खाली यायला वेळ लागतो, त्यामुळे डोक्यावर ऊन असतानाही पाणी चढू शकते.

प्रश्न: माझी उंची ५ फूट १ इंच. एक्सपल्स आवडते पण पाय पुरत नाहीत. स्प्रिंग कापून गाडी खाली करून देतो असे गॅरेजवाला म्हणतो. करू का? (फोंडा, वाचक भगिनी)

उत्तर: ताई, स्प्रिंग कापू देऊ नका. कापलेली स्प्रिंग कडक होते, प्रवास कमी होतो आणि खड्ड्यात मागचे चाक फेंडरला घासते. त्याऐवजी सीट उघडून फोम कापून घ्या. बैठकीच्या दोन्ही बाजू निमुळत्या केल्या तर नुसती उंची कमी करण्याहून जास्त फरक पडतो, कारण पाय सरळ खाली जातात. मधला फोम २५ मिमीपेक्षा जास्त कापू नका, खालचा कडक तळ लागेल. जाड तळव्याचे बूट घातले की आणखी २०-२५ मिमी मिळतात. फोर्क क्लॅम्पमध्ये वर सरकवायचे असतील तर ५ ते १० मिमीपर्यंतच, त्याहून जास्त सरकवले तर चाकोरीत हँडल डगमगू लागते. थांबताना दोन्ही पाय टेकायचा प्रयत्न सोडून डावा पाय पूर्ण टेकायचा आणि उजवा ब्रेकवर ठेवायचा सराव करा, आधी सपाट मैदानात, मग डावी बाजू उंच असलेल्या जागी.